लास व्हेगस: आईबाबांना घेऊन स्ट्रिपवरच्या कॅसिनो हॉटेलात राहावं की बाहेर?

ओवी_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी,

आईबाबा नाशिकहून आले आहेत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांना लास व्हेगस दाखवायचं ठरतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि ते दोघं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, वय त्र्याहत्तर. सपाट रस्त्यावर थांबत थांबत चालतात, जिना मात्र नको म्हणतात. आईच्या भिशीतल्या मैत्रिणीने तिला बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांचा व्हिडिओ दाखवल्यापासून तिला तेवढं एक बघायचंच आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, स्ट्रिपच्या (म्हणजे लास व्हेगस बुलेवार्डवरचा मोठ्या हॉटेलांचा पट्टा) मधोमध मोठ्या कॅसिनो हॉटेलात राहू, खाली उतरलं की सगळं समोर. मला वाटतं, गाडीने दहा मिनिटांवरचं साधं हॉटेल घ्यावं. नाश्ता आणि पार्किंग फुकट, शिवाय लेकीला रोज जुगाराच्या मशीनांमधून न्यायला नको. आईबाबांना घेऊन जे राहून आलेत त्यांचे अनुभव हवेत. जागा कुठली निवडली आणि का, ते सविस्तर लिहा प्लीज.

सँडिएगोचा_बाळ्या

मधोमध. फ्लेमिंगो रोड आणि लास व्हेगस बुलेवार्डचा चौक. एका कोपऱ्यावर बेलाजिओ, समोर सीझर्स पॅलेस, पलीकडे हॉर्सशू. या चौकापासून जितकं लांब जाल तितके पैसे वाचतील आणि पाय दुखतील. ज्येष्ठ सोबत आहेत, तेव्हा पैशाकडे बघू नका.

खर्चाची_वही

बाळ्या, पैशाकडे न बघून कसं चालेल? ओवी, खोलीचा जो भाव दिसतो त्यावर रिसॉर्ट फी लागते. स्ट्रिपवर ती साधारण ४० ते ५५ डॉलर रोजची आहे आणि त्यावर पुन्हा सुमारे १३ टक्के कर. वायफाय, जिम वगैरेसाठी म्हणून घेतात. तुम्ही जिमचं तोंड पाहिलं नाही तरी द्यावीच लागते. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आला आहे की ही फी धरून पूर्ण किंमत आधीच दाखवायची, त्यामुळे आता निदान शेवटच्या पानावर धक्का बसत नाही. पण फी गेलेली नाही, फक्त आधी दिसते.

पार्किंग वेगळं. एमजीएम कंपनीच्या स्ट्रिपवरच्या हॉटेलांनी २०१६ मध्ये पार्किंगला पैसे लावायला सुरुवात केली आणि हळूहळू बहुतेकांनी तेच केलं. शिवाय चेक-इनला कार्डावर अनामत अडकवतात, ती सुटायला काही दिवस लागतात. डेबिट कार्ड देऊ नका, खात्यातले खरे पैसे अडकून बसतात.

पाच माणसांना दोन खोल्या धरल्या तर हे सगळं दोनदा. मी ओवीच्या पक्षात.

वाळवंटातली_जुई

मी व्हेगसशेजारच्या हेंडरसनला राहते, घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला हेच विचारतो. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

व्हेगसमध्ये ‘जवळ’ हे नकाशावर मोजू नका. खोलीच्या दारापासून फुटपाथपर्यंत किती चालावं लागतं, ते आधी विचारा. ही हॉटेलं प्रचंड आहेत. एमजीएम ग्रँडमध्ये पाच हजारांवर खोल्या आहेत, बेलाजिओत जवळपास चार हजार. खोलीतून निघायचं, लांबलचक कॉरिडॉर, मग लिफ्ट, मग कॅसिनोचा अख्खा मजला, मग दुकानांची गल्ली आणि मग कुठे रस्ता. बेलाजिओच्या लॉबीतून चौकात यायचं तर तळ्याला वळसा घालून यावं लागतं. सीझर्स रस्त्यावरून अगदी समोर दिसतं, पण आत शिरून रिसेप्शन गाठेपर्यंत माझ्या सासूबाई दोनदा बसल्या होत्या. बांधणीच अशी केलेली असते की कुठेही जायचं तरी वाट मशीनांमधूनच जावी.

दुसरं, मोठ्या चौकांत रस्ता ओलांडायला पादचारी पूल आहेत. सरकते जिने असतात आणि त्यांच्या शेजारी लिफ्टही असते. जिने बंद पडलेले पुष्कळदा दिसतात, तेव्हा बाबांसाठी सरळ लिफ्टच शोधा.

तिसरं, स्ट्रिपवर हात दाखवून टॅक्सी थांबत नाही. प्रत्येक हॉटेलचा टॅक्सीचा आणि उबरचा थांबा ठरलेला असतो, उबरचा बऱ्याचदा पार्किंगच्या इमारतीत. म्हणजे बाहेरच्या हॉटेलातून दहा मिनिटांत गाडीने आलात तरी उतरल्यावर तोच कॅसिनो तुडवून पुढे जायचं. लेकीला मशीनांमधून न्यायचं नाही म्हणून बाहेर राहाल, तर ते काही टळणार नाही. एकवीस वर्षांखालच्यांनी कॅसिनोच्या मजल्यावर रेंगाळायचं नाही, वाटेने चालत पुढे जायला हरकत नाही, असा नियम आहे. मधे थांबून फोटो काढायला लागलात की सुरक्षारक्षक येऊन पुढे व्हायला सांगतात.

बाबांना दुपारी दोन तास पाठ टेकायची असेल (आमच्या घरच्यांना असते), तर स्ट्रिपवरच राहा. दुपारी खोलीवर येऊन संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता आलं पाहिजे. बाहेर राहिलात तर एकदा खोलीवर परत गेलेली माणसं रात्री पुन्हा निघत नाहीत.

खोली मिळताना काउंटरवर ‘लिफ्टजवळची द्या, चालायला त्रास आहे’ असं स्पष्ट सांगा. देतात.

टेक्सासची_कैरी

जुईला अनुमोदन. कारंजी दुपारी अर्ध्या तासाने आणि रात्री पंधरा मिनिटांनी असतात. आमच्या आईने एकच गाणं बघून ‘चला’ म्हणायच्याऐवजी ‘पुढचं बघू, पुढचं बघू’ करत रात्रीचे अकरा वाजवले. जवळ राहत होतो म्हणून जमलं. वारा जोराचा असेल तर मात्र बंद ठेवतात, तेव्हा पहिल्याच रात्री बघून घ्या, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

दम्याचा_पेशंट

धुराबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? नेवाडात २००६ साली धूम्रपानबंदीचा कायदा झाला, पण कॅसिनोचा मजला त्यातून वगळलेला आहे. हवा खेळती ठेवायची यंत्रणा असते, सुगंधही सोडतात, तरी सिगारेटचा वास कपड्यांना लागतोच. वडिलांना किंवा लेकीला श्वासाचा त्रास असेल तर दोन मार्ग आहेत. पार्क एमजीएम हे २०२० पासून पूर्ण धूरमुक्त आहे, कॅसिनोसकट. किंवा मग कॅसिनोच नसलेलं हॉटेल घ्या. स्ट्रिपवर तीही आहेत: व्हिदारा, वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया, प्लॅनेट हॉलिवूडच्या मागचं एलारा, एमजीएमच्या मागचं सिग्नेचर.

ओवी_फ्रीमाँट

अरे वा, स्ट्रिपवर कॅसिनोशिवायची हॉटेलं आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेकीला थंडीत थोडी धाप लागते. दम्याचा_पेशंट, खूप आभार. खाण्याचं काय करता सगळे? आई अंडंही खात नाही.

पावशेर_मेतकूट

खाण्याचा विषय निघाला, आता मी लिहिणारच.

बहुतेक कॅसिनो हॉटेलांच्या खोलीत मायक्रोवेव्ह नसतो, किटलीही नसते. कॉफीचं यंत्र असलंच तर शेजारच्या ट्रेमधल्या पुड्यांना वेगळे पैसे. फ्रिज दिसतो तो मिनीबार असतो. त्यात वस्तूंच्या खाली सेन्सर असतात. बाटली उचलून ठराविक वेळात जागेवर ठेवली नाही की बिलात चढते, आणि तुमचा दह्याचा डबा ठेवायला म्हणून तुम्ही त्यांच्या बाटल्या बाजूला सारल्या की झालंच. एका हॉटेलात माझ्या मामेसासूबाईंनी भल्या सकाळी सगळ्या बाटल्या बाहेर काढून टेबलावर नीट रांगेत मांडल्या आणि आत पोळ्यांचा डबा ठेवला. बिल दोन पानी आलं. काउंटरवर शांतपणे समजावून सांगितल्यावर काढून टाकलं, पण तास गेला. औषधांसाठी (इन्शुलिन वगैरे) फ्रिज मागितला तर वेगळा छोटा फ्रिज आणून देतात. आधी फोन करून सांगा.

छोटी विजेची किटली नेत जा. चहा, उपमा मिक्स, मेतकूट-भात (तयार भाताची पाकिटं मिळतात) एवढ्यावर आईबाबांची सकाळ छान होते आणि दिवसभर बाहेर खायचा उत्साह राहतो. स्ट्रिपवर आणि आसपास भारतीय हॉटेलं आहेत. मेक्सिकन ठिकाणी बीन्स-भात-भाज्यांचा बोल सांगता येतो, मात्र बीन्समध्ये चरबी असते का ते विचारून घ्या. बुफे २०२० नंतर बरेच बंद झाले आणि जे उरलेत ते महाग आहेत. शाकाहारी ज्येष्ठांसाठी तेवढे पैसे घालू नका, सॅलड आणि केक खाऊन परत येतील.

सँडिएगोचा_बाळ्या

मेतकूट, केक तरी कुठे, त्यात अंडं.

पावशेर_मेतकूट

हो रे, खरंच की. मग फक्त सॅलड.

आकडेमोड

राहायचं सगळं बोलून झालं असेल तर एक सांगतो, कारण बाबा खात्यातले आहेत, आकड्यांत रस घेतील. आमच्या काकांना मी रूलेटच्या (फिरत्या चाकात गोटी टाकायचा खेळ) टेबलाजवळ उभं राहून समजावलं होतं आणि ते जुगार न खेळताही अर्धा दिवस रमले.

अमेरिकी रूलेटच्या चाकात ३८ खाने असतात: १ ते ३६, एक शून्य, एक दुहेरी शून्य. आकडा लागला तर ३५ पट देतात. समजा प्रत्येक खान्यावर एक डॉलर लावला. गेले ३८, परत आले ३६ (३५ आणि तुमचा एक). प्रत्येक फेरीला दोन डॉलर हॉटेलचे. म्हणजे ५.२६ टक्के. एकच शून्य असलेल्या चाकावर हे २.७ टक्के पडतं. आता स्ट्रिपवर बऱ्याच ठिकाणी तीन शून्यांची चाकं आलीत, तिथे ७.६९ टक्के. चाक तेच, गोटी तीच, एका शून्याच्या चाकावर दोन खाने वाढवले आणि हॉटेलचा वाटा जवळपास तिप्पट.

ब्लॅकजॅकचंही तसंच. पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले की पूर्वी शंभरावर दीडशे देत, त्याला ३:२ म्हणतात. आता स्वस्त टेबलांवर ६:५ असतं, म्हणजे शंभरावर एकशेवीस. टेबलाच्या कापडावरच छापलेलं असतं, वाचून बसा. आणि तुमच्या त्या ‘फुकट’ पेयांचा, गालिच्यांचा, काचेच्या फुलांचा खर्च याच टक्क्यांतून निघतो. बेलाजिओच्या लॉबीतल्या छताला सुमारे दोन हजार काचेची फुलं आहेत, डेल चिहुलीने केलेली. ती बघायला काही पडत नाही, मनसोक्त बघा.

गिरणगावचा_सुभाष

आकडेमोड, तुमचं गणित बरोबर आहे. पण माझं मत वेगळं आहे आणि ते लिहितो.

आमचे वडील मटका लावायचे. लालबागला राहत होतो. गिरणी सुटली की पानाच्या टपरीवर चिठ्ठी, रात्री ओपन, मध्यरात्री क्लोज. आई पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी जाऊन उभी राहायची, त्याआधी कुणी गाठू नये म्हणून. एकदा आकडा लागला तेव्हा वडिलांनी चाळीत सगळ्यांना पेढे वाटले आणि पुढच्या दोन महिन्यांत आईच्या पाटल्या गेल्या. लागलेल्या आकड्याची गोष्ट ते मरेपर्यंत सांगत होते. पाटल्यांची कधीच नाही.

मी मुलाकडे अमेरिकेला आलो तेव्हा त्याने व्हेगसला न्यायचं ठरवलं होतं, मी नको म्हटलं. इथे सगळे सोयी-गैरसोयी लिहितायत, ठीक आहे. पण आठ वर्षांच्या मुलीला ते दिवे, ते आवाज, ती पैसे ओतणारी माणसं ‘मजा’ म्हणून दाखवावीत का, याचाही विचार व्हावा. बाहेरचं हॉटेल घ्या, कारंजी दाखवा आणि निघा.

वाळवंटातली_जुई

सुभाषकाका, तुमचं वाचून थांबले. इथे राहते म्हणून सांगते, किराणा दुकानाच्या दाराशीही स्लॉट मशीन असतात आणि सकाळी आठला तिथे बसलेली म्हातारी माणसं मी रोज बघते. तुमचं म्हणणं मला पटतं. माझ्या मुलांना मी कॅसिनोतून नेते तेव्हा डोळे झाकायला सांगत नाही, आकडेमोड यांनी लिहिलं तसं ‘ही इमारत कुणाच्या पैशांवर उभी आहे’ ते सांगते. थोरला आता स्वतःच पाहुण्यांना सांगतो.

ओवी_फ्रीमाँट

काका, तुम्ही लिहिलंत ते मी आईबाबांना वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, साइटवर मुकादम आणि मजूर पगाराच्या रात्री पत्ते खेळायचे, त्यातले काही दुसऱ्या दिवशी उचल मागायला त्यांच्याच दारात यायचे. त्यांना कॅसिनो बघायचा आहे, पण खेळायचा नाही. लेकीला ते स्वतः समजावणार म्हणतात. तेव्हा तो भाग मी त्यांच्यावर सोपवला आहे.

मांडवीकाठची_अवनी

जरा विषयांतर करते. आमच्या पणजीत मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, संध्याकाळी जेटीवर पर्यटकांची रांग. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांत फक्त यंत्रांवरचे खेळ चालतात, पत्त्यांची-रूलेटची खरी टेबलं जहाजांवर. म्हणजे इथे राहायचं एका ठिकाणी आणि खेळायला होडीतून दुसरीकडे जायचं. आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना आत खेळायला बंदी आहे. आमच्या नदीत जहाज आणि आम्हालाच मनाई, पण मला विचाराल तर ती बंदी बरी आहे. ज्यांना नुसतं बघायचंय त्यांनी पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत एखाद्या घरात राहावं, संध्याकाळी नदीकाठाने फेरी मारावी. दिवे तिथूनच दिसतात.

खर्चाची_वही

आणि महाराष्ट्रात? १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने रद्दही केला.

दम्याचा_पेशंट

सत्तेचाळीस वर्षं कायदा नुसता पुस्तकात! माहीत नव्हतं.

धागा_राखणदार

मंडळी, गोवा आणि कायदा यांवर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी इथे दुवा देईन. इथे ओवीला हॉटेल शोधून देऊ या.

वाळवंटातली_जुई

राखणदार, हो. ओवी, तारखा नक्की कुठल्या? हे फार महत्त्वाचं आहे आणि आधी विचारायला हवं होतं कुणीतरी.

सगळे सांगतात की शुक्रवार-शनिवार टाळा, रविवार ते गुरुवार स्वस्त. एरवी खरं आहे, तीच खोली शनिवारी दुप्पट-तिप्पट होते. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे ‘सेमा’ भरतं, गाड्यांच्या सुट्या भागांचं प्रचंड प्रदर्शन. ते मंगळवार ते शुक्रवार असतं, त्यामुळे त्या आठवड्यात मधले वारच महाग होतात. मग तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फॉर्म्युला वनची शर्यत. ती २०२३ पासून स्ट्रिपवरूनच धावते. तेव्हाचे भाव तर बघूच नका. या दोन्हींच्या मधला, दुसऱ्या आठवड्यातला रविवार ते बुधवार गाठा. हवा सुंदर असते, दिवसा वीस अंशांच्या आसपास, रात्री स्वेटर लागतो. (२०२४ च्या जुलैत ४८.९ अंश झाले होते, इथला विक्रम. तेव्हा पाहुणे आले असते तर मी दारच उघडलं नसतं.)

पण एक गोम आहे. शर्यतीसाठी बेलाजिओच्या तळ्यासमोर, अगदी फुटपाथलगत, प्रेक्षकांचे उंच मचाण उभे करतात आणि ते काही आठवडे आधीपासून असतात. फुटपाथवरून कारंजी नीट दिसत नाहीत. आईंना तेवढ्यासाठीच आणताय, तर कारंजी वरून दिसतील अशी खोली घ्या. नाहीतर समोरच्या पॅरिस हॉटेलच्या आयफेल टॉवरवर चढा. खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आहे, लिफ्टने जाता येतं आणि कारंजी बरोबर समोर येतात. बेलाजिओच्या आतली फुलांची बागही दोन मांडण्यांच्या मधे काही दिवस बंद असते. नोव्हेंबरमध्ये शरद ऋतूची काढून नाताळची लावतात, तेव्हा तारीख बघून घ्या.

टेक्सासची_कैरी

जुई, हे सोनं लिहिलंस. आम्ही त्याच दिवसांत येणार होतो.

ओवी_फ्रीमाँट

बाप रे, मी नेमका पहिल्या आठवड्यातला बुधवार धरून बसले होते आणि भाव एवढे का ते कळत नव्हतं!

फिलाडेल्फियाची_मालती

मग व्हिदाराच बघा, कारंज्यांच्या बाजूची खोली. मी सासूसासऱ्यांना घेऊन तिथेच राहते. कॅसिनो नाही, धूर नाही, लॉबीत शिरलं की पावलांवर लिफ्ट. खोलीत शेगडी, मायक्रोवेव्ह आणि मोकळा फ्रिज (मेतकूट, ऐकतेयस ना), भांडी मागवून घ्यावी लागतात. आतल्याआत बेलाजिओत जाता येतं आणि जवळच फुकट ट्राम आहे, आरिया आणि पार्क एमजीएमकडे जाणारी. वरच्या मजल्यावर कारंजी खिडकीतून दिसतात, टीव्हीवर त्याचं संगीतही लावता येतं. सासूबाई खुर्ची खिडकीशी ओढून, शाल घेऊन, पाय वर करून बसतात. स्ट्रिपच्या अगदी तोंडावर नाही, एक ओळ मागे आहे. तोच त्याचा गुण.

आकडेमोड

व्हिदारा म्हणजे तेच ना, ज्याच्या वाकड्या काचेच्या भिंतीवरून २०१० साली ऊन एकवटून पोहण्याच्या तलावाकाठच्या लोकांना चटके बसत होते? बाबांना सांगा, इंजिनिअर माणसाला आवडेल. नंतर छत्र्या वगैरे लावून बंदोबस्त केला. नोव्हेंबरच्या उन्हात तसंही काही होणार नाही.

सँडिएगोचा_बाळ्या

मी अजूनही बेलाजिओच म्हणतो, पण मालतीताईंची खिडकी ऐकून डळमळलो.

लेकीसाठी: फ्लेमिंगो हॉटेलच्या मागच्या बागेत खरे फ्लेमिंगो, पेलिकन, मोठाले मासे, सगळं फुकट. आणि रात्री उंचावरून ‘स्फिअर’ दिसेल असं बघा, २०२३ मध्ये उघडलेला तो अवाढव्य गोल. त्याच्यावर हसरा चेहरा आला की मुलं वेडी होतात.

पावशेर_मेतकूट

आईंसाठी: सीझर्स पॅलेसच्या बाहेर, रस्त्यालगत चतुर्मुख ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. बँकॉकच्या प्रसिद्ध देवळाची प्रतिकृती, १९८४ पासून तिथे आहे. थाई आणि चिनी माणसं झेंडूच्या माळा, उदबत्त्या, फळं वाहतात. माझ्या सासूबाईंनी चप्पल काढून प्रदक्षिणा घातली आणि पर्समधले खडीसाखरेचे दोन दाणे ठेवले. शेजारी एक थाई बाई होत्या, त्यांनी आपल्याजवळची एक माळ सासूबाईंच्या हातात दिली वाहायला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बराच वेळ हात धरून उभ्या होत्या. संपूर्ण सहलीतलं सासूबाईंना तेवढंच लख्ख आठवतं.

गिरणगावचा_सुभाष

हे नव्हतं माहीत. छान सांगितलंत मेतकूटताई.

कोयनेचं_पाणी

उशिरा आलो, पण पाटबंधारे खातं वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. ओवी, हूवर धरणाचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? स्ट्रिपवरून पाऊण तास. बाबांच्या सहलीचा मुख्य दिवस तो असू द्या.

२२१ मीटर उंची. आपलं कोयना १०३ मीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. १९३१ ला काम सुरू, १९३६ ला धरण ताब्यात. एवढं काँक्रीट एकसंध ओतलं असतं तर थंड व्हायला कित्येक दशकं लागली असती आणि तडे गेले असते. म्हणून ठोकळ्या-ठोकळ्यांनी ओतलं, प्रत्येकात इंचभर व्यासाच्या पोलादी नळ्या टाकून त्यांतून गार पाणी फिरवलं, थंड झाल्यावर नळ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरून टाकल्या. बाबांना हे ठाऊक असणार, त्यांच्याकडून ऐका.

धरणाच्या माथ्यावर राज्यांची हद्द आहे. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवतं, दुसरं अ‍ॅरिझोनाची. अ‍ॅरिझोना घड्याळं मागेपुढे करत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही सारखी असतात. नोव्हेंबरमध्ये तासाचा फरक दिसेल, लेकीला जरूर दाखवा. पलीकडच्या मीड सरोवराच्या कडेला खडकांवर पांढरा पट्टा आहे, पाणी किती खाली गेलं ते त्यावरून कळतं. २०१० मध्ये झालेल्या उंच पुलावरून धरण समोरून दिसतं, पण तिथे चढायला पायऱ्या किंवा लांब उतार आहे. बाबांसाठी उतारच.

सुभाषकाका, तुमच्यासाठीही एक आहे. नेवाडाने जुगाराला मोकळीक दिली ती १९३१ सालीच. धरणावरच्या मजुरांसाठी सरकारने बोल्डर सिटी नावाचं गाव वसवलं आणि तिथे जुगार आणि दारू बंद ठेवली. मजूर पगार घेऊन व्हेगसच्या फ्रीमाँट स्ट्रीटला जायचे. दारू नंतर सुरू झाली, पण जुगाराला त्या गावात आजही बंदी आहे.

गिरणगावचा_सुभाष

म्हणजे तिथेही पगाराचा दिवस आणि गिरणीचं दार.

ओवी_फ्रीमाँट

बाबांनी ‘कोयनेचं पाणी’ यांची पोस्ट स्वतः वाचली, माझा फोन घेऊन. दोन्ही बोटांनी मोठं करून करून. मग ग्राउटिंगबद्दल अर्धा तास सांगत होते, लेक वही घेऊन बसली होती.

ठरलं असं: दुसऱ्या आठवड्यातला रविवार ते बुधवार. व्हिदारा, कारंज्यांच्या बाजूची खोली आईबाबांना आणि साधी आम्हाला. नवऱ्याला मधोमधची जागा मिळाली, मला कॅसिनो नसलेली. खर्चाची वही, रिसॉर्ट फी दोनदा भरतेय, पण स्वयंपाकाची सोय आहे म्हणून मन घट्ट केलं. पहिल्या संध्याकाळी कारंजी, मंगळवारी ब्रह्मदेव आणि फ्लेमिंगो, मधला सोमवार धरणाला. तिथे चाकाची खुर्ची मिळते का? आणि आतली फेरी बाबांना जमेल का?

वाळवंटातली_जुई

हॉटेलात बेल डेस्कला चाकाची खुर्ची भाड्याने मिळते का ते आधी फोन करून पक्कं करा आणि तीच गाडीत टाकून न्या. एका दिवसासाठी माझ्याकडची हवी असेल तर निरोप करा, सासूबाईंची आहे, घडीची.

कोयनेचं_पाणी

फेऱ्या दोन प्रकारच्या आहेत. वीजगृहाची आहे तिथे लिफ्टने खाली नेतात, ती जमेल. दुसरी बोगद्यांमधून, धरणाच्या पोटातून जाते. तिच्यात अरुंद वाट आणि पायऱ्या आहेत, गुडघ्यांना ती नको. वीजगृहाची तिकिटं आधीच काढून ठेवा आणि सकाळची वेळ घ्या. वाटेत सुरक्षा तपासणीला गाड्यांची रांग लागते आणि दुपारी पार्किंगला जागा मिळत नाही. जनित्रांच्या दालनात उभं राहिलात की पायाखाली थरथर जाणवते. तिथे बाबांना घाई करू नका.